सोसायटीमागची टेकडी: बाग करू नका, पण रोज जा

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. मालाड पूर्वेला त्यांच्या सोसायटीमागे तीनेक एकरांचा उतार आहे, वर कातळ, मध्ये झाडोरा, खाली नाला. सकाळी काही लोक चालायला जातात, संध्याकाळी मुलं खेळतात. आता कमिटीतले काही जण म्हणतायत की आमदार निधीतून जॉगिंग ट्रॅक, ओपन जिम, लाइट वगैरे करून घेऊ, आणि काहींचं म्हणणं की गेट लावून सरळ कुलूप घाला म्हणजे कचरा आणि दारूच्या पार्ट्या बंद. ताईंना जागा आहे तशी हवीये, पण तसं म्हटलं की लोक विचारतात मग तुमचा प्लॅन काय, आणि तिथे बोलणं थांबतं.

तर प्लॅन सांगते. उपनगरांतल्या अशा जागांवर रहिवाशांसोबत काम करण्यात माझी बरीच वर्षं गेलीत, आणि माझं स्पष्ट मत आहे की अशा जागेचा आनंद घेणं आणि तिला जपणं ही दोन वेगळी कामं नाहीतच. कुंपण घातलेल्या, कुलूप लावलेल्या जागा गिळल्या गेलेल्या मी बघितल्यात, आणि चारी बाजूंनी उघडी पण रोज पंचवीस-तीस माणसं हिंडतात अशा जागेवर हात टाकायला भलेभले कचरतात, कारण तिथे काही हललं तर दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बोंब होते.

आधी जागा जाते कशी ते बघा, कारण ते कळलं की काय करायचं ते आपोआप कळतं. एका दिवसात कधीच जात नाही. रात्री दीड-दोनला एक टेम्पो येतो, रस्त्याच्या कडेला एक खेप डेब्रिज ओततो आणि निघून जातो. फुटक्या टाइल्स, प्लास्टरचे तुकडे, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, कुणाच्या तरी बाथरूममधलं जुनं कमोड. ही चाचणी असते. आठवडाभर कुणी हूं की चूं केलं नाही की आणखी चार खेपा पडतात, मग डंपर यायला लागतात, मग एक दिवस जेसीबी येऊन ढीग पसरवतो आणि उताराचा एक कोपरा सपाट होतो. सपाट झालं की तिथे टेम्पो-रिक्षा पार्क व्हायला लागतात, पार्किंगच्या कडेला पत्र्याची शेड उभी राहते, शेडला विजेचं मीटर लागतं, आणि मीटर लागलं की मग कागदावर सुद्धा तिथे काहीतरी आहे असं होतं. हे सगळं व्हायला दोन-तीन वर्षं लागतात, त्यामुळे रोज न जाणाऱ्याला बदल दिसतच नाही. आणि भराव खाली सरकत नाल्यात गेला की पावसाचं पाणी तुमच्या तळमजल्यावर येणार. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, पण मिठीच्या काठाला जे भोगावं लागलं त्याचा सगळा दोष पावसाचा नव्हता, नदीचे काठ भराव घालून आवळले होते तेही तितकंच खरं.

म्हणून पहिली खेप पडते तेव्हाच धरायचं. त्याच सकाळी तारीख आणि लोकेशन छापून येणाऱ्या कॅमेरा ॲपने फोटो, गाडीचा नंबर कुणी बघितला असेल तर तो, आणि महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला लेखी तक्रार, इनवर्डचा, म्हणजे अर्ज पोचल्याचा, शिक्का घेऊन. फोनवरच्या तक्रारीचा नंबर मिळतो पण सहा महिन्यांनी उपयोगी पडतो तो शिक्का असलेला कागद. बांधकामाच्या राडारोड्यासाठी २०१६ पासून केंद्राचे वेगळे नियम आहेत, आणि घरातलं रिनोव्हेशनचं डेब्रिज उचलायला पालिकेची डेब्रिज ऑन कॉल नावाची सेवा आहे, पैसे भरून गाडी येते. हे मुद्दाम सांगतेय कारण टेकडीवर पडलेल्या डेब्रिजमधलं बरंच आजूबाजूच्या सोसायट्यांचंच असतं. आपल्याच तिसऱ्या मजल्यावरच्या किचनच्या टाइल्स कॉन्ट्रॅक्टर तिथे टाकून जातो आणि आपण बाहेरच्यांना शिव्या घालतो. रिनोव्हेशनची परवानगी देताना डेब्रिज कुठे जाणार याची पावती मागा, ती दाखवल्याशिवाय डिपॉझिट परत नाही, एवढा एक ठराव सोसायटीच्या मीटिंगमध्ये करा.

आता कागद. जागा कुणाची हे माहीत नसताना तिच्याबद्दल काहीही ठरवणं व्यर्थ आहे. सिटी सर्व्हे नंबर, ज्याला सगळे सीटीएस म्हणतात, तो काढा, त्यावरून प्रॉपर्टी कार्ड काढा, आणि पालिकेकडून डीपी रिमार्क घ्या. प्रॉपर्टी कार्डवर मालक कळतो, डीपी रिमार्कमध्ये २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्यात (डीपी म्हणजे तोच) त्या जागेवर काय आरक्षण आहे ते कळतं, म्हणजे उद्यान, खेळाचं मैदान, रस्ता की काहीच नाही. जे ऑनलाइन मिळत नाही ते माहिती अधिकारात मागा, २००५ चा कायदा, दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर द्यायला बांधील. प्रश्न छोटे आणि नेमके विचारा. "या जागेचं संरक्षण का होत नाही" असं विचारलं तर उत्तर येणार नाही, "सीटीएस अमुक वर कुठल्याही बांधकामाला परवानगी दिली आहे का, असल्यास प्रत द्यावी" असं विचारलं तर येतं.

मालाड पूर्वेची टेकडी म्हणजे वन खात्याची जमीन असण्याची शक्यता बरीच आहे, आणि तसं निघालं तर जॉगिंग ट्रॅकचा वाद तिथेच बदलतो, कारण १९८० च्या वन संरक्षण कायद्यामुळे वनजमीन वनेतर कामाला वापरायची तर केंद्राची परवानगी लागते. कलेक्टरची किंवा म्हाडाची निघाली तर पत्रव्यवहार त्यांच्याशी. खासगी असून वर उद्यानाचं आरक्षण असेल तर जास्त सावध राहा. नगररचना कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जागा ताब्यात घेतली नाही तर मालक पालिकेला नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत पालिकेने संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. सध्याचा आराखडा २०१८ मध्ये लागू झाला, म्हणजे २०२८ पासून अशा नोटिसा सुरू होऊ शकतात. जुन्या आराखड्यातून पुढे आलेलं आरक्षण असेल तर मुदत आधीच उलटलेली असू शकते, तिथे मात्र वकिलाला दाखवा. हे कुणी तुमच्या दारात येऊन सांगणार नाही. दर वर्षी एकदा माहिती अधिकारात विचारायचं की या सीटीएसवर १२७ ची नोटीस आली आहे का. दहा रुपयांचं काम आहे.

खाडीच्या बाजूला राहणाऱ्यांसाठी दोन ओळी, तुम्हाला कायद्याचा आधार जास्त मजबूत आहे. मुंबई हायकोर्टाने आधी २००५ मध्ये आणि मग २०१८ च्या निकालात कांदळवनं तोडायला आणि त्यांच्याभोवतीच्या पन्नास मीटर पट्ट्यात बांधकामाला मनाई केलीये, आणि वन खात्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष २०१२ पासून काम करतोय, तक्रार तिथे करा.

आता सुशोभीकरणाबद्दल, आणि इथे मला थोडं कडक बोलायचंय. अतिक्रमण करणारा चोरून येतो म्हणून त्याच्याशी भांडता तरी येतं, सुशोभीकरण बोर्ड लावून, नारळ फोडून येतं आणि आपणच टाळ्या वाजवतो. पेव्हर ब्लॉक बसले की पाणी मुरणं बंद, झाडाच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट नेलं की मूळ गुदमरतं आणि पाच-सात वर्षांनी जुलैच्या वाऱ्यात तेच झाड पडतं, मग लोक म्हणतात झाडं धोकादायक आहेत, छाटा. बुंध्याभोवती निदान एक मीटर उघडी माती हवीच हवी. रात्रभर फ्लडलाइट लावले की काजवे जातात. आणि कामाच्या आधी "साफसफाई" म्हणून खालचा सगळा झुडपांचा थर कापून टाकतात, तो थर म्हणजे मुंगसाचं आणि शिंपी, दयाळ या पक्ष्यांचं घर असतं. सकाळी येणारा दयाळाचा आवाज त्या वर्षीपासून बंद होतो आणि तो का बंद झाला ते कुणाच्या लक्षात येत नाही. पवई तलावाच्या काठाने पालिकेने सायकल ट्रॅक बांधायला घेतला होता, २०२२ च्या मे महिन्यात हायकोर्टाने तो बेकायदा ठरवून काढायला सांगितलं. म्हणजे हेतू सायकलसारखा चांगला असला तरी जागा चुकली की चुकली. ओपन जिम हवी तर सोसायटीच्या आवारात घ्या, तिथे काँक्रीट आधीच आहे.

मग टेकडीवर करायचं काय? जायचं. सकाळी साडेसहाला, पावसाळ्यात बूट घालून, एकच पायवाट धरून, स्पीकर न लावता. दर आठवड्याला तीच पायवाट, कारण एकच जागा वर्षभर बघण्यात जी मजा आहे ती दहा ठिकाणं फिरण्यात नाही. फेब्रुवारीत काटेसावर आणि पांगारा निष्पर्ण होऊन लालभडक फुलतात तेव्हा झाडाखाली नुसतं वीस मिनिटं उभं राहा, साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, शिंजीर, कावळे, सगळे त्याच फांद्यांवर येऊन भांडतात. एप्रिलमध्ये उंबर लगडला असेल तर तांबट टुक टुक करत असतो पण दिसत नाही, हिरव्या पानांत हिरवा पक्षी, लाल कपाळ हललं की मगच सापडतो. संध्याकाळी त्याच झाडावर वटवाघळं येतात. मे मध्ये बहावा आणि ताम्हण. जूनच्या तोंडावर चातक येतो, आणि नशीब असेल तर झाडोऱ्याच्या सावलीत पाचोळा उलटापालटा करणारा नवरंग. पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री कातळावरच्या डबक्यांत बेडूक जो कालवा करतात तो खिडकीतून ऐकू येईल. मग टाकळा उगवतो, शेवळं वर येतात, कुर्डू, भारंगी. श्रावणात टाकळ्याचं एखादं पान उलटून बघा, पिवळी ग्रास यलो फुलपाखरं त्याच्यावर अंडी घालतात, तांदळाच्या कणीपेक्षा बारीक, उभी चिकटवलेली, आणि शेजारच्याच पानावर त्याच पानाच्या रंगाची हिरवी अळी शांतपणे कडा खात बसलेली असते. मुलांना हे एकदा दाखवलं की ती पुढच्या वेळी तुमच्या आधी तयार होऊन बसतात. आणि ग्रास कटर घेऊन कुणी "गवत साफ करायला" आलं की पहिली तीच ओरडतात. भाद्रपदात तेरडा, आणि थंडीत नाल्याकाठी शेपूट हलवत फिरणारा धोबी.

हे बघताना नोंद ठेवा. निसर्गाच्या नोंदी ठेवायची दोन ॲप आहेत, आयनॅचरलिस्टवर झाडं, किडे, फुलपाखरांचे फोटो, ईबर्डवर पक्षी. नाव माहीत नसलं तरी फोटो टाका, ओळखणारे ओळखून देतात. दोन वर्षांनी तुमच्या तीन एकरांची दीडशे-दोनशे जातींची तारखेसकट यादी हातात असते, आणि "इथे नुसती झाडीझुडपं आहेत" असं म्हणणाऱ्यासमोर ती ठेवता येते. सोबत चार ठरलेल्या ठिकाणांवरून दर महिन्याला त्याच कोनातून एकेक फोटो. गुगल अर्थवर जुनी उपग्रह चित्रं मागे सरकवून बघता येतात, त्यात भराव कुठल्या वर्षी सुरू झाला ते डोळ्यांना दिसतं, ती चित्रं तक्रारीला जोडा.

ठळक झाडांना घेर मोजून नंबर द्या, छातीच्या उंचीवर टेप लावून, झाडाला खिळा न ठोकता, नकाशावर. कारण १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यात तोडण्याआधी जाहीर नोटीस लावावी लागते आणि हरकतीला सात दिवस मिळतात. सात दिवसांत शून्यापासून यादी होत नाही. "झाडं तोडू नका" एवढ्या हरकतीला वजन नसतं, "नोटिशीत जे झाड सुबाभूळ म्हणून दाखवलंय तो प्रत्यक्षात उंबर आहे, घेर इतका, हा फोटो" याला असतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरची झाडं हेरिटेज ट्री धरली जातात, त्यामुळे वयाचा अंदाज आणि जुने फोटो जपून ठेवा, एखाद्या आजोबांच्या अल्बममधला सत्तरच्या दशकातला फोटो सुद्धा चालेल. आरेत मेट्रो कारशेडसाठीच्या झाडतोडीविरुद्धच्या याचिका ४ ऑक्टोबर २०१९ ला हायकोर्टाने फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली, ७ तारखेला सुप्रीम कोर्टाने थांबवली तोवर दोन हजारांवर झाडं गेली होती. मधे फक्त दोन दिवस होते. जे काही कागद तयार ठेवायचे ते शांततेच्या काळातच ठेवायचे असतात.

झाडं लावण्याबद्दल सगळे विचारतात, माझं उत्तर आहे पहिलं वर्ष काहीही लावू नका. काय आपोआप उगवतंय ते बघा. कातळावरचा गवताळ उतार म्हणजे "रिकामी" जागा नव्हे, तिथे खड्डे मारून दाट झाडं कोंबली तर जे होतं तेही जातं. मियावाकी पद्धत, म्हणजे थोड्या जागेत दाट झाडं लावणं, भराव घातलेल्या, मेलेल्या जमिनीवर ठीक आहे, जिवंत टेकडीवर नको. ५ जूनला पर्यावरण दिनी फोटोपुरती रोपं लावून पुढच्या मार्चमध्ये काटक्या उरतात, त्यापेक्षा आधीच उगवलेल्या दहा रोपट्यांना उन्हाळ्यात पाणी घाला आणि भोवतीची घाणेरी, रानमोडी ही बाहेरून आलेली झुडपं कापा, तीही एकदम सगळी नाही, पट्ट्यापट्ट्याने, कारण घाणेरीत सुद्धा पक्षी आडोसा घेतात. लावायचंच असेल तर पहिला चांगला पाऊस मुरल्यावर, इथलीच झाडं, करंज, शिवण, कुडा, उंबर, आसाणा, आणि तीन वर्षं बघायची तयारी असेल तेवढीच. धीर धरला तर जमीन किती परत येते हे बघायचं असेल तर माहीमच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात जाऊन या. धारावीला लागून असलेलं ते सदतीस एकरांचं जंगल पूर्वी शहराचं डम्पिंग ग्राउंड होतं.

गेट आणि कुलूप याला माझा ठाम विरोध आहे. सोसायटीतल्या लोकांना वाटतं टेकडी आपण वापरतो, पण जरा नीट बघा, पहाटे शेवळं आणि टाकळा खुडायला येणाऱ्या पाड्यावरच्या बायका, दुपारी सावलीत डबा खाणारा वॉचमन, क्रिकेटवाली पोरं, बाजूच्या चाळीतले आजोबा, घरी बोलायला जागा नाही म्हणून येऊन बसणारी जोडपी, ही सगळी त्या जागेची माणसं आहेत आणि रात्री-अपरात्री काय चाललंय ते तुमच्यापेक्षा त्यांना जास्त माहीत असतं. त्यांना बाहेर काढलंत तर जागेवर लक्ष ठेवणारे निम्मे डोळे कमी झाले. पाड्यावरच्या मावशींना कुठली भाजी कुठे येते ते विचारा, आणि रविवारच्या फेरीत त्यांना मानधन देऊन सोबत घ्या, एका सकाळीत मुलं जे शिकतील ते कुठल्या पुस्तकात नाही. पार्ट्यांचं म्हणाल तर सकाळ-संध्याकाळ माणसांची ये-जा वाढली की त्या बहुतेक आपसूक हलतात, उरल्या तर पोलिसांना कळवा.

बिबट्याची भीती सभेत नक्की निघेल, संजय गांधी राष्ट्रीय उद्यान (एसजीएनपी) जवळ आहे. २०११ मध्ये सुरू झालेल्या मुंबईकर्स फॉर एसजीएनपी या उपक्रमातून हेच पुढे आलं की कचरा असला की कुत्री वाढतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. म्हणजे कचरापेटी रोज उचलली जाणं हाच बिबट्यावरचा उपाय. अंधारात लहान मुलांना एकटं पाठवू नका, टॉर्च ठेवा, टेकडीवर कुत्र्यांना आणि कबुतरांना खायला घालणं बंद. साप दिसला तर लांब राहा आणि वन खात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा. फेब्रुवारी ते मे सुकलेलं गवत पेटतं, बिडी-सिगरेट आणि पाचोळा जाळणं दोन्हीवर लक्ष ठेवा.

संस्था रजिस्टर करायची घाई नको. पैसे आले की भांडणं येतात, आणि सुरुवातीला पैसे लागतच नाहीत. पालिकेची एएलएम (ॲडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट) म्हणून रहिवासी आणि पालिका मिळून परिसर सांभाळायची योजना आहे, नव्वदच्या दशकात घाटकोपरच्या जोशी लेनमधून सुरू झालेली, आजूबाजूच्या सोसायट्या मिळून वॉर्डात नोंदणी करता येते आणि मग अधिकारी भेटायला वेळ देतात. त्यात बाजूच्या चाळीलाही घ्या, नुसते टॉवरवाले दिसले की वॉर्डात आणि चाळीत दोन्हीकडे अर्थ वेगळा निघतो. कुणी जागा "दत्तक" घेऊ म्हणालं तर करारात प्रवेश सगळ्यांना मोफत, बांधकाम शून्य, असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर नको म्हणा.

कमिटीच्या पुढच्या मीटिंगला एवढंच मांडा की प्रॉपर्टी कार्ड आणि डीपी रिमार्क हातात येईपर्यंत आमदार निधीच्या पत्रावर सोसायटीने सही करू नये, आणि तोवर दर रविवारी साडेसहाला ज्याला यायचं त्याने टेकडीवर यावं. सीटीएस नंबर काढायला सोसायटीच्या कन्व्हेयन्स डीडमधला, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावे झाल्याच्या दस्तातला, नकाशा बघा, शेजारच्या प्लॉटचे नंबर त्यावर असतात.